भुकेच्या पट्टीवर दोन खुणा

माझी पीएचडी उपवासावर आहे. उपवासाच्या दिवशी भूक तासागणिक कशी बदलते आणि रक्तातल्या संप्रेरकांशी तिचं गणित जुळतं का, एवढाच विषय. भूक मोजायला आम्ही अगदी साधं साधन वापरतो. कागदावर १०० मिलिमीटरची आडवी रेघ. डाव्या टोकाला लिहिलेलं असतं ‘अजिबात भूक नाही’, उजव्या टोकाला ‘इतकी भूक कधीच लागली नव्हती’. माणसाने रेघेवर कुठेतरी खूण करायची, आपण फूटपट्टी लावून मिलिमीटर मोजायचे. संपलं.

पायलट स्टडीला घरचीच माणसं सापडतात, तशी मला आजी सापडली. आम्ही माझगावला बीआयटी चाळीत राहतो. मूळचे नगर जिल्ह्यातले, प्रोटेस्टंट. गुड फ्रायडेला आजी सकाळपासून काही खात नाही. बारा ते तीन भायखळ्याच्या चर्चमध्ये क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना असते, ती झाल्यावर घरी येऊन खाते. साडेतीनला ती दारात चप्पल काढत होती तेव्हाच मी कागद पुढे केला.

तिने विचारलं, “कुठली भूक लिहू?”

मी म्हटलं, पोटाची गं, दुसरी कुठली?

तिने सत्तरच्या आसपास एक खूण केली. मग थांबून डाव्या टोकाजवळ दुसरी केली. “ही दुसरी. ती आज भागली,” म्हणाली आणि आत गेली.

एका रेघेवर दोन खुणा म्हणजे नियमाप्रमाणे कागद बाद. मी तो बाद केलाही, डेटाशीटमध्ये तिथे आजही रिकामी चौकट आहे. पण तुमच्यापैकी जे पेट देऊन आता सिनॉप्सिस लिहायच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठी त्या दुसऱ्या खुणेवर लिहावंसं वाटलं. आध्यात्मिक भूक, आणि श्रद्धेने होणारं पोषण. हे संशोधनाचं सामान आहे का? असेल तर ते हाताळायचं कसं?

आधी पहिल्या खुणेबद्दल, कारण तिचीही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. १९९९ मध्ये कोजिमा आणि कंगावा या जपानी संशोधकांच्या गटाने ‘घ्रेलिन’ शोधलं. हे संप्रेरक मुख्यतः जठरातून येतं, जेवणाआधी वाढतं, जेवल्यावर उतरतं. त्याच्या पाच वर्षं आधी, १९९४ मध्ये, ‘लेप्टिन’ सापडलं होतं. ते चरबीच्या पेशींतून येतं आणि मेंदूला शरीरातल्या साठ्याची खबर देतं. म्हणजे पोटाच्या भुकेला रक्तात साक्षीदार आहेत. तरीही साक्षीदार आणि खूण दर वेळी जुळत नाहीत. जेवायची ठरलेली वेळ, समोरून येणारा वास, शेजारचा जेवतोय की नाही, या सगळ्याने खूण सरकते. ‘भूक लागली’ हे शेवटी माणसाचं म्हणणं असतं. रक्ताचा रिपोर्ट त्या म्हणण्याला आधार देतो, त्याची जागा घेत नाही.

दुसऱ्या खुणेला असा कुठलाच साक्षीदार नाही. इथे विज्ञानाचे आपण बरेच जण (मीसुद्धा होते) पटकन म्हणतो, मग ती नुसती बोलायची पद्धत झाली. जरा थांबा. आपल्याकडे मोजमाप नाही यावरून ती गोष्टच नाही असं ठरत नाही. फार तर आपलं साधन अपुरं आहे एवढं ठरतं. मानसशास्त्रात अशा गोष्टीला संकल्पना म्हणतात आणि ती ज्यावरून ओळखायची त्याला निर्देशक. ताप ही संकल्पना, पारा हा निर्देशक. संशोधनातली निम्मी भांडणं या दोघांची गल्लत झाल्याने होतात.

श्रद्धेसाठी निर्देशक तयार करायचे प्रयत्न झालेले आहेत. ऑलपोर्ट आणि रॉस यांनी १९६७ मध्ये एक प्रश्नावली वापरून दोन तऱ्हा वेगळ्या केल्या: धर्माचा उपयोग करून घेणारे, आणि धर्म जगणारे. १९८२ मध्ये पालुत्झियन आणि एलिसन यांची आध्यात्मिक स्वास्थ्याची २० विधानांची मोजपट्टी आली. अशी विधानं मी मराठीत करून आजीला वाचून दाखवली, तर तिने प्रत्येकाला ‘पूर्ण सहमत’ म्हटलं. ती खोटं बोलत नव्हती. पण सगळेच जण सगळ्यालाच पूर्ण सहमत असले की मोजपट्टीतून काहीच कळत नाही. श्रद्धावान गटांमध्ये या मोजपट्टीला असं छत लागतं हे संशोधकांनीही नोंदवलंय. डोकं छताला टेकलं की उंची कळायची थांबते.

मग दुसरा रस्ता उरतो तो लिहून ठेवलेल्या आयुष्यांचा. आणि इथे मराठीसारखी श्रीमंती फार थोड्या भाषांकडे असेल.

पंडिता रमाबाई घ्या. जन्म १८५८. लहानपण आईवडिलांबरोबर तीर्थयात्रांत गेलं, पुराणं सांगत. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. रमाबाई आणि भाऊ उरले. देवळं, व्रतं, दानं सगळं करून झालं होतं आणि काही उपयोग झाला नव्हता. जुनी श्रद्धा तिथेच कशी सुटत गेली, ते त्यांनी पुढे स्वतः लिहिलंय. म्हणजे पोटाच्या भुकेने दुसरी भूक उघडी पाडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

नोंदवहीच्या हिशोबाने गोष्ट इथे संपते. तारीख, ठिकाण, नाव. पण १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात रमाबाई काय म्हणतात? आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण ख्रिस्त आपल्याला मिळालाच नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आलं. ज्याने भूक भागली असं त्या सांगतात, तो क्षण १८९१च्या सुमाराचा.

आमच्या पोषणशास्त्रात यासाठी एक शब्द आहे: छुपी भूक. माणूस दोन वेळा पोटभर जेवतो, वजनही ठीक असतं, पण लोह, आयोडीन, अ जीवनसत्त्व मिळत नाही. ताट भरलेलं आणि शरीर उपाशी. जेवलात का, असं विचारून छुपी भूक सापडत नाही. १८८३ ते १८९१ ही रमाबाईंची वर्षं मला तशी दिसतात. त्या चर्चच्या सभासद होत्या, बायबल वाचत होत्या, ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं होतं. ‘ख्रिस्ती आहात का?’ या प्रश्नाला उत्तर ‘हो’. ‘पोषण होतंय का?’ हे कुणी विचारलंच नव्हतं. कदाचित त्यांनी स्वतःलाही.

पण इथे सावध राहा, कारण माझी ही छान उपमाच तुम्हाला फसवू शकते. आत्मनिवेदन १९०७चं आहे, म्हणजे त्यात सांगितलेल्या घटनांनंतर सोळा ते चोवीस वर्षांनी लिहिलेलं. शिवाय साक्ष देणं हा ख्रिस्ती लेखनाचा एक ठरलेला घाट आहे: आधी अंधार, मग उजेड. लिहिणारा प्रामाणिक असला तरी घाट आपलं काम करतोच, मागची वर्षं थोडी जास्तच काळी होतात. म्हणून त्याच काळातला पुरावा शोधायचा. सुदैवाने तो आहे. इंग्लंडमध्ये रमाबाईंची जबाबदारी घेणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार १९७७ मध्ये मुंबईत पुस्तकरूपाने छापला गेला.

ती पत्रं वाचताना मला भुकेलेली, रिकामी बाई दिसली नाही. दिसली ती भांडणारी. त्रैक्याचं तत्त्व तिला तपासून घ्यायचंय. चर्चचा अधिकार ती डोळे मिटून मान्य करत नाही. आणि ती मांस-अंडी खात नाही. यावरूनही खटके उडतात, कारण जेराल्डिनना त्यात जातीचा पीळ उरलेला दिसतो. एकीकडे आत्म्याच्या अन्नाची चर्चा आणि दुसरीकडे ताटातल्या अन्नावरून वाद, दोन्ही एकाच पत्रव्यवहारात! हे वाचल्यावर ‘छुपी भूक’ हे माझं निदान मी सौम्य केलं. जेवणाऱ्याला ताटातलं सगळं पचत नव्हतं, एवढं नक्की म्हणता येईल. आपण उपाशी होतो हे नाव त्या अनुभवाला नंतर मिळालं.

हे नंतर मिळणारं नाव खोटं समजू नका. आपल्याला भूक लागली होती हे कधी कधी पहिला घास घेतल्यावरच कळतं, हे उपवास करणारा कुणीही सांगेल. पण व्हायवात ‘हे तेव्हाचं की नंतरचं?’ असं विचारलं, तर उत्तर तयार हवं.

आता दुसरं घर बघू. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने बायबल दिलं. वाचत वाचत ते डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि अडकले. नीतिमत्त्वाची भूक आणि तहान लागलेले लोक धन्य आहेत हे त्याच प्रवचनात सांगितलंय. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी मराठी ख्रिस्ती मंडळीसाठी इतकी भजनं लिहिली की आमच्या चर्चमध्ये रविवारी हातात येणाऱ्या पुस्तकाचा मोठा हिस्सा त्यांचा आहे. आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भावना शेवटपर्यंत टिकली. म्हणजे पोषण नव्या ताटातलं असलं तरी चव जुन्या घरची लागत होती.

त्याच्या तीनशे वर्षं आधी गोव्यात हेच घडलं होतं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल इथे छापलं गेलं, सुमारे ११,००० ओव्यांचं. त्याच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं बंद झाली, मग आमच्यासाठी दुसरं पुराण का नाही, असं एक जण पाद्रीला विचारतो. प्रश्नोत्तरांच्या रूपात शिकवण मिळत होती, पण तेवढ्याने भागत नव्हतं. त्यांना ओवी हवी होती.

पण टिळकांच्या घरात माझं मन अडकतं ते लक्ष्मीबाईंपाशी. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या आधी वेगळ्या राहिल्या. पुढे नगरला नवऱ्याकडे आल्या तेव्हाही सोवळं सांभाळून, आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. ‘स्मृतिचित्रे’ वाचलं असेल तर आठवेल, त्यांचा बदल ना प्रवचनाने होतो, ना बायबलच्या वाचनाने. एक दिवस विचार करता करता त्यांना वाटतं की जातपात ही माणसाने केलेली आहे, आणि मग कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्या ठरवतात. बाप्तिस्मा त्याच्या मागून, १९०० मध्ये. म्हणजे क्रम उलटा: आधी घास, मग श्रद्धा.

मराठीत हा क्रम एका शब्दातच बसलाय. ‘बाटणं’ म्हणजे विटाळणं आणि ‘बाटणं’ म्हणजे धर्म बदलणं. विहिरीत पाव टाकला आणि अख्खं गाव बाटलं, ही गोष्ट वसईपासून गोव्यापर्यंत ऐकू येते. तिच्यामागचं गृहीतक बघा: त्या पाण्याने कुणाची तहान भागली का, याच्याशी गोष्टीला देणंघेणं नाही. पाणी शिवलं एवढंच पुरे. त्यामुळे युरोप-अमेरिकेत बनलेली प्रश्नावली जशीच्या तशी मराठीत आणली तर ती इथे लंगडते. तिच्यात अन्न ही उपमा आहे. आमच्याकडे कुणाच्या हातचं खाल्लं, हाच मुळात धर्माचा प्रश्न होता.

आता जरा अवघड भाग. आजीची आजी १९००च्या दुष्काळात नगरकडच्या एका मिशनच्या अनाथाश्रमात आली, असं आमच्या घरात सांगतात. सात-आठ वर्षांची असेल. चौथीत असताना वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं होतं, “तुम्ही भाकरीसाठी बाटलेले ना?” तिने ते घरी ऐकलेलं असणार. मी घरी येऊन आजीला विचारलं तर ती म्हणाली, “हो, मग? उपाशी होती ती.” बाकी काही नाही. तेव्हा मला ते उत्तर पुरलं नव्हतं.

त्या मुलीचा प्रश्न आणि काही शोधनिबंधांतला प्रश्न एकच असतो, फक्त भाषा साफसूफ केलेली असते. दुष्काळातली धर्मांतरं ‘भौतिक कारणांनी’ झाली की ‘आध्यात्मिक’? सिनॉप्सिसमध्ये असा प्रश्न आला की मी आता विचारते, यातलं ‘की’ कुणी घातलं? एक भूक खरी असेल तर दुसरी खोटी, हे गृहीतक कुठून आलं?

मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी उपासमारीवर जो प्रयोग केला तो आमच्या विषयात प्रत्येकाला वाचावा लागतो. ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, त्यांचं वजन जवळपास चौथ्या हिश्श्याने उतरलं. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसत, ताट चाटून पुसून खात, स्वप्नंही जेवणाची पडत. हे सगळे युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले होते आणि त्यांच्यातले बरेच जण ब्रेदरन, क्वेकर, मेनोनाइट अशा शांतिवादी ख्रिस्ती पंथांतले. श्रद्धेपायी ते उपाशी राहिले, आणि भुकेने त्यांना भाकरीपलीकडे काही सुचेना. दोन्ही खरं. एकाच माणसात.

केडगावलाही हेच दिसतं. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, पुढे १९००च्या दुष्काळात आणखी आल्या. मुक्ती मिशन त्यातून वाढलं, हजाराच्या वर माणसं जेवू लागली. स्वतः दुष्काळात आईवडील गमावलेली बाई आधी काय देईल? जेवण. १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेची जी मोठी लाट आली, तिच्यात याच जेवून उठलेल्या मुली होत्या. त्यातल्या किती भाकरीमुळे आणि किती देवामुळे, असे दोन कप्पे करायला मी आज तयार होणार नाही. एक तर त्या मुलींच्या स्वतःच्या शब्दांत फार थोडं आपल्यापर्यंत पोचलंय. बरंचसं अहवालांतून येतं, आणि अहवाल लिहिणाऱ्यांना देणगीदारांपुढे उभं राहायचं होतं. आणि दुसरं म्हणजे, कप्पे त्यांचे नव्हेत, आपले आहेत.

भाषांतराचा एक किस्सा सांगते, कारण तो या विषयाच्या अगदी मुळाशी जातो. प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागतात. त्यातल्या ‘रोजची’साठी मूळ ग्रीकमध्ये ‘एपिऊसिओस’ असा शब्द आहे. तो शुभवर्तमानांच्या बाहेर जवळपास कुठेच सापडत नाही, त्यामुळे त्याचा नेमका अर्थ काय यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम यांनी लॅटिन बायबल सिद्ध केलं, त्यात लूकमध्ये हा शब्द ‘रोजची’ असा आहे आणि मत्तयमध्ये ‘द्रव्यापलीकडची’ असा. एकच प्रार्थना, एकच शब्द, एकीकडे ताटातली भाकरी, दुसरीकडे ताटापलीकडची. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणत होत्या. ते काम त्यांनी १९२२ मध्ये मृत्यूच्या थोडं आधी पूर्ण केलं. या शब्दापाशी त्या किती वेळ थांबल्या असतील याचा मी अधूनमधून विचार करते.

तर तुमच्यापैकी कुणाला या विषयावर काम करायचं असेल, तर मला आजवर उमगलेलं सांगते, क्रमवारी लावत नाही. नोंदवह्या जरूर बघा, पण त्या प्रवेश मोजतात, पोषण मोजत नाहीत. आत्मनिवेदन मिळालं तर त्याच वर्षांची पत्रं शोधा. मुलाखत घेणार असाल तर ‘श्रद्धेने समाधान मिळतं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. ‘कधी उपाशी वाटलं होतं?’ असं विचारा, आणि मग गप्प बसा. आमच्या मागच्या म्हातारपाखाडीतल्या एका कॅथलिक मावशींना मी हे विचारलं तर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, नवरा गेल्यावर दोन वर्षं मिस्साला जायची, कम्युनियन घ्यायची, आणि तोंडात नुसता कागद ठेवल्यासारखं वाटायचं. मग परत चव कधी आली? “कळलं नाय. एक दिवस होती.” २० विधानांच्या कुठल्याही प्रश्नावलीत हे उत्तर मावलं नसतं.

माझ्या गाईडना मी आजीचा बाद कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले की मूळ अभ्यासात हे घुसडू नकोस, विषय सुटेल. बरोबरच आहे. पण पुढच्या फेरीच्या कागदावर खाली एक कोरी जागा सोडायला त्यांनी हरकत घेतली नाही. नैतिकता समितीकडे सुधारित फॉर्म गेलाय. परवानगी आली तर येत्या गुड फ्रायडेला पहिला कागद आजीलाच देणार आहे. ती मात्र सध्या एकच गोष्ट विचारतेय: मागच्या वेळी बोटातून रक्त काढलंस, त्याचा रिपोर्ट कुठाय?